अर्धा किलो माती: पहिल्यांदा माती, पाणी आणि देठ तपासायला देताना

चार वर्षं मी एका प्रयोगशाळेत नमुने स्वीकारायच्या टेबलावर बसलो. काचेच्या नळ्या आणि यंत्रं आतल्या खोलीत. माझ्यासमोर फक्त पिशव्या आणि त्या घेऊन आलेली माणसं. एकदा एक वयस्कर बाबा गोणीत दहा किलो माती घेऊन आले. "बाबा, गोणी कशाची?" "युरियाची. पण धुऊन घेतलीय की." त्या मातीत नत्र (नायट्रोजन) किती निघालं असतं ते देवालाच ठाऊक. ती घेतली नाही, म्हणून बाबा रागावले. दुसऱ्या आठवड्यात नवी कापडी पिशवी घेऊन परत आले आणि जाताना चहा पाजून गेले.

एका एकरातली वरची १५ सेंटिमीटर माती साधारण नऊ लाख किलो भरते. आपण पिशवीत नेतो अर्धा किलो, आणि सेंद्रिय कर्ब काढायला आतला माणूस त्यातली जेमतेम एक ग्रॅम घेतो. त्या एका ग्रॅमवर तुम्ही एकराचं खत ठरवणार. यंत्र लाखाचं असो नाहीतर कोटीचं, पिशवीत जे आलं तेच ते मोजतं. म्हणून या लेखात नमुना घेण्यावर जास्त लिहिलंय, यंत्रांवर जवळपास काहीच नाही.

आधी ठरवा, तपासायचं काय

"टेस्टिंग करायचंय" म्हणत येणाऱ्या निम्म्या लोकांना काय तपासायचं ते नक्की माहीत नसतं. हंगामी पिकाचा खताचा डोस ठरवायचा असेल तर माती परीक्षण पुरे. नवी फळबाग लावायची असेल तर खोलपर्यंतची माती आणि सोबत पाणीही. उभ्या बागेला टाकलेलं खत वेलीत पोचतंय का हे बघायचं असेल तर देठ किंवा पान परीक्षण. द्राक्ष निर्यातीसाठी औषधांचे अंश तपासतात ती रेसिड्यू टेस्ट पूर्णपणे वेगळी, तिची प्रयोगशाळाही बहुतेक वेळा वेगळी.

मुळांना गाठी दिसतायत, सूत्रकृमीचा (मुळांत शिरणाऱ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांचा) संशय आहे, असं असेल तर नमुन्याचा नियम उलटा होतो. ती माती वाळवायची नाही. मुळांजवळची ओलसर माती थोड्या बारीक मुळांसकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, उन्हापासून जपत लगेच पोचवायची.

कधी

मार्च ते मे. रब्बी निघालेलं असतं, रान मोकळं असतं, खरिपाला वेळ असतो. पण मे संपता संपता सगळा तालुका एकदम जागा होतो आणि रिपोर्ट पेरणीनंतर हातात पडतो, तेव्हा एप्रिलमध्येच उरका. रासायनिक खत किंवा शेणखत टाकल्यावर दोन-तीन महिने तरी नमुना घेऊ नका. हंगामी पिकाला दोन-तीन वर्षांतून एकदा तपासणी पुरते, बागेला दरवर्षी करावी.

मातीचा नमुना, पायरीपायरीने

बांधावर उभं राहून आधी रान नीट बघा. वरच्या अंगाला मुरमाड आणि खालच्या अंगाला काळी असेल तर ते एक रान नाही, दोन आहेत. रंग, खोली, उतार, मागचं पीक, पाण्याची सोय यातलं काही बदललं की वेगळा नमुना. सात-बाऱ्यावर गट एकच आहे म्हणून माती एक होत नाही. पैसे वाचवायला दोन्हीकडची माती एकत्र केली, तर रिपोर्ट अशा रानाचा येतो जे तुमच्याकडे नाहीच.

मग एकरी आठ-दहा जागा निवडा, नागमोडी चालत. सरळ तासाने गेलात तर सगळे नमुने एकाच सरीतले किंवा एकाच पाटाकडेचे यायचे. बांधालगत, विहिरीजवळ, झाडाखाली, उकिरडा किंवा शेणखताचा ढीग होता तिथे, जनावरं बसतात तिथे, पाणी साचतं तिथे घेऊ नका. आदल्या वर्षी काडी जाळली ती जागाही सोडा, राखेने पालाश (पोटॅश) फुगतं.

प्रत्येक जागी वरचा पालापाचोळा हाताने बाजूला सारा, माती खरवडू नका. इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्या. खोली ज्वारी, सोयाबीन, गहू, कांद्याला १५ ते २० सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. ऊस आणि कपाशीला ३० सेंटिमीटर. खड्ड्यातली सगळी माती काढून टाका आणि मग त्याच्या एका तिरप्या बाजूची वरपासून खालपर्यंत दोन बोटं जाडीची पट्टी कापा. नमुना म्हणजे ही पट्टी. लोक खड्ड्यातून निघालेलीच माती पिशवीत भरतात. मग वरच्या मातीचा भाग जास्त येतो आणि आकडे वाढीव दिसतात.

हत्याराचंही ऐका. जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगेनीज) तपासायचं असेल तर गंजकं फावडं आणि पत्र्याचं घमेलं घरी ठेवा. लाकडी खुरपी किंवा स्टीलचं गिरमिट आणि प्लास्टिकचं घमेलं वापरा. खड्डा टिकावाने घेतला तरी चालेल, पण शेवटची पट्टी कापताना लाकडाने बाजू खरवडून घ्या.

आठ-दहा जागांची माती स्वच्छ कापडावर एकत्र करा, ढेकळं हाताने फोडा, खडे आणि काड्या वेचा. ढिगाचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाकून द्या. पुन्हा मिसळा, पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. कंटाळवाणं आहे, दहा मिनिटं जातात, पण ओंजळीने उचलून पिशवी भरण्याचा मोह इथेच आवरायचा. माती ओली असेल तर सावलीत कागदावर पसरून वाळवा. उन्हात नको, चुलीजवळ तर नकोच.

पिशवी कापडी, नवी किंवा धुतलेली. दोन चिठ्ठ्या: एक आत, एक बाहेर बांधलेली. नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, खोली, तारीख, मागचं पीक, पुढचं पीक, बागायत की जिरायत. आणि हे सगळं शिसपेन्सिलने. पेनाने लिहिलेली चिठ्ठी दमट मातीत दोन दिवस राहिली की निळा डाग उरतो. अशा डागांवरून गट नंबर ओळखायचा खेळ मी पुष्कळ खेळलोय.

पुढचं पीक लिहायला विसरू नका. ते नसेल तर रिपोर्टवर खताची शिफारस येत नाही, नुसते आकडे येतात.

बाग लावायची असेल तर

इथे वीतभर खणून भागत नाही. मीटरभर खोल खड्डा घ्या आणि ० ते ३०, ३० ते ६०, ६० ते ९० सेंटिमीटर असे तीन वेगळे नमुने काढा, खालून वर, म्हणजे वरची माती खालच्या नमुन्यात पडत नाही. तीन पिशव्या, तीन चिठ्ठ्या, आणि प्रयोगशाळेत मुक्त चुनखडी तपासा असं आवर्जून सांगा, कारण नेहमीच्या तपासणीत ती नसूही शकते. वरचा थर छान आणि दोन फुटांखाली पांढऱ्या चुनखडीचा पट्टा, असं विदर्भ-मराठवाड्यात खूप ठिकाणी निघतं. संत्रा-मोसंबीसाठी चुनखडी १० टक्क्यांच्या वर असेल तर ते रान सोडलेलं बरं. झाडं तीन-चार वर्षं बरी दिसतात, मूळ त्या थरात उतरलं की पानं पिवळी पडायला लागतात, आणि तोवर कुंपण, ठिबक, शेततळं सगळं होऊन बसलेलं असतं.

उभ्या बागेत ठिबक असेल तर नमुना ओल्या पट्ट्यातूनच घ्या, पण थेट ड्रिपरखाली नको. वीतभर बाजूला सरका. दोन ओळींच्या मधली कोरडी माती मुळांनी कधी बघितलेलीच नसते.

पाणी

मोटर चालू करून १०-१५ मिनिटं पाणी जाऊ द्या. लिटरभराची प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा, काठोकाठ भरा, बूच घट्ट लावा, एक-दोन दिवसांत पोचवा. बाटली औषधाची नको, हे सांगावं लागतं हीच पंचाईत. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर विहिरीच्या पाण्यात बराच फरक पडतो, तेव्हा वाईट पाणी तपासायचं असेल तर एप्रिल-मे गाठा.

रिपोर्टवर दोन गोष्टी बघा. विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप, ०.७५ डेसिसायमनपर्यंत असेल तर फारशी काळजी नाही, २.२५ च्या वर गेली तर ते पाणी नाजूक पिकाला नको. दुसरी गोष्ट आरएससी, म्हणजे उरलेलं सोडियम कार्बोनेट: १.२५ च्या आत सुरक्षित, २.५ च्या वर धोक्याचं. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात कृष्णाकाठची जमीन क्षारपड झाली त्यात पाण्याचा अतिवापर आणि निचरा नसणं ही मोठी कारणं आहेत. पाणी चांगलं निघालं म्हणून ते कितीही द्यायला मोकळीक मिळत नाही.

देठ आणि पानं

कणगीत किती धान्य आहे ते माती सांगते. पोटात किती गेलं ते देठ सांगतो. मातीत पुरेसं असूनही वेलीला मिळत नाही हे आमच्या काळ्या, चुनखडीच्या रानात नेहमीचंच.

द्राक्षाला वर्षात दोनदा देठ द्यायचे. खरड छाटणीनंतर (एप्रिलच्या सुमाराची) साधारण ४५ दिवसांनी, डोळ्यांत घड तयार होण्याच्या वेळी, काडीच्या तळापासून पाचवं पान. आणि फळ छाटणीनंतर फुलोऱ्यात, घडासमोरचं पान. पान तोडलं की पातं तिथल्या तिथे तोडून टाका, फक्त देठ ठेवा. घरी नेऊन सावकाश काढू म्हणाल तर तोवर पातं देठातलं बरंच काही ओढून घेतं. प्लॉटभर फिरून सुमारे दोनशे देठ. कडेच्या ओळी सोडा. थॉमसन आणि शरद या दोन जाती एकाच पिशवीत नको, वेगळ्या खुंटावर कलम केलेल्या वेलीही नकोत.

बाकी पिकांचं पान वेगळं. डाळिंबाचं फांदीच्या शेंड्याकडून आठवं, अशी पन्नास पानं. केळीचा वरून तिसऱ्या उघडलेल्या पानाचा देठ. आंब्याचं काडीच्या मधलं, चार ते सात महिन्यांचं पान, देठासकट. चुकीचं पान दिलं तर प्रयोगशाळा अचूक आकडा देईल, पण तुलना करायची कशाशी? प्रमाणित आकडे त्याच पानाचे, त्याच अवस्थेतले असतात.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट, फवारणी. मॅन्कोझेब या बुरशीनाशकात मंगल आणि जस्त असतं. बोर्डो मिश्रणात तांबं. ते पानावर आणि देठावर बसतं आणि धुतलं तरी सगळं जात नाही. मग रिपोर्टवर "मंगल भरपूर, जस्त भरपूर" येतं आणि वेल मात्र उपाशी. पिशवीसोबतच्या कागदावर गेल्या पंधरा दिवसांतल्या फवारण्या लिहा, आणि नमुना शक्यतो पुढच्या फवारणीच्या आधी घ्या. सकाळी घ्या. कागदी पिशवीला चार भोकं पाडून त्याच दिवशी पोचवा. प्लास्टिकमध्ये घाम येतो, देठ सडतात. रात्र काढावी लागलीच तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या नाही.

बागेचा एक कोपरा आजारी असेल तर तिथले देठ वेगळे आणि चांगल्या भागातले वेगळे द्या. दोन रिपोर्ट शेजारी ठेवले की बहुतेकदा कारण उघड होतं.

कुठे द्यायचं

जिल्ह्याच्या ठिकाणी कृषी विभागाची मृद सर्वेक्षण व मृद चाचणी प्रयोगशाळा असते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांत, बऱ्याच कृषी विज्ञान केंद्रांत आणि अनेक साखर कारखान्यांतही सोय आहे. द्राक्षासाठी पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, उसासाठी तिथलीच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, संत्र्यासाठी नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, डाळिंबासाठी सोलापूरचं राष्ट्रीय केंद्र. जाण्याआधी फोन करून दर, नमुना घ्यायचे वार आणि रिपोर्टला लागणारे दिवस विचारा.

खासगी प्रयोगशाळेत दोन प्रश्न विचारा. मान्यता आहे का, आणि स्फुरद (फॉस्फरस) कुठल्या पद्धतीने काढता? आपल्या विम्लधर्मी काळ्या मातीला ओल्सन पद्धत, कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीला ब्रे. रत्नागिरीची माती ओल्सनने तपासून आलेला आकडा घेऊन काय करणार? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा गांगरला तर पिशवी उचला. आणि "तपासणी मोफत" म्हणणाऱ्या दुकानाच्या रिपोर्टवर शिफारशीच्या जागी नत्र-स्फुरद-पालाशऐवजी पाच ब्रँडची नावं असतील, तर ते बिल आहे असं समजा.

सरकारकडून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेबद्दलही थोडं. ही योजना २०१५ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. पत्रिकेवर बारा घटक असतात. पण सुरुवातीच्या फेऱ्यांत बागायतीत अडीच हेक्टरला आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक नमुना घेतला गेला. तुमच्या नावाची पत्रिका शेजारच्याच्या मातीवरूनही आलेली असू शकते. गावाचा अंदाज म्हणून ती उत्तम आहे, पण लाखाची बाग लावायला स्वतःचा नमुना द्या.

रिपोर्ट हातात आला

शब्द वाचू नका, आकडा वाचा. आपल्याकडे दोन मोजपट्ट्या चालतात, एक तीन पायऱ्यांची आणि एक सहा पायऱ्यांची. हेक्टरी २२० किलो पालाश एकीवर "मध्यम", दुसरीवर "थोडे जास्त". माती तीच. सहा पायऱ्यांच्या पट्टीत मध्यम म्हणजे सेंद्रिय कर्ब ०.४१ ते ०.६० टक्के, नत्र २८१ ते ४२०, स्फुरद १५ ते २१, पालाश १५१ ते २०० किलो हेक्टरी.

सामू म्हणजे रिपोर्टवरचा पीएच. ६.५ ते ७.५ उत्तम, पण दख्खनच्या काळ्या रानात ७.५ ते ८.५ सर्रास येतो, घाबरू नका. ८.५ च्या वर गेला तर चोपणाचा, म्हणजे सोडियम वाढून बिघडलेल्या जमिनीचा, संशय घ्या आणि विनिमययुक्त (मातीच्या कणांना चिकटलेलं) सोडियम तपासून घ्या. ते १५ टक्क्यांच्या वर असेल तरच जिप्समचा उपयोग. नुसत्या चुनखडीच्या रानात जिप्सम टाकणं म्हणजे चुन्यात चुना. तरी दरवर्षी ट्रॉल्या भरून जातात.

क्षारता, म्हणजे मातीची विद्युत वाहकता, एक डेसिसायमनच्या आत असावी. पुस्तकात चारपर्यंत चालते असं वाचाल, पण ते संपृक्त मातीच्या अर्काचं माप आहे. आपल्या रिपोर्टवर साधारणपणे एक भाग मातीत दोन-अडीच भाग पाणी घालून मोजलेली असते, म्हणून आकडा लहान दिसतो.

सूक्ष्म अन्नद्रव्यांची किमान पातळी दशलक्ष भागांत: लोह ४.५, मंगल २, जस्त ०.६, बोरॉन ०.५, तांबं ०.२. याखाली असेल तर टाकायचं, वर असेल तर उगाच मिश्र खताची पुडी नको. लोहाचा अपवाद लक्षात ठेवा: चुनखडीच्या रानात आकडा बरा असूनही सोयाबीनवर, उसावर केवडा पडतो (पानं पिवळी पडतात), कारण चुनखडी लोह पिकाला घेऊ देत नाही. तिथे फेरस सल्फेट शेणखतात मुरवून द्या किंवा फवारा. आणि स्फुरद वर्षानुवर्षं वाढत चाललंय, जस्त घसरतंय, असं दिसलं तर डीएपी या स्फुरदाच्या खताचा हात आवरा. जास्तीचं स्फुरद पिकाचं जस्त अडवतं.

आकड्यावरून गोणीपर्यंत

समजा बागायती गहू. शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश. रिपोर्ट म्हणतो नत्र कमी, स्फुरद मध्यम, पालाश जास्त. साधा नियम असा: कमी असेल तर पाव पट वाढवा, मध्यमला शिफारस तशीच, जास्त असेल तर पाव पट कमी. म्हणजे १५०, ६०, ३०.

इथेच थांबा आणि बघा, हे हेक्टरी आहे. मी शेतीत नवा असताना हा आकडा सरळ एकराला टाकला होता. गहू कमरेएवढा आला, लोक बघायला आले, आणि मार्चच्या वाऱ्यात सगळा आडवा झाला. २.४७ ने भागा: एकरी नत्र ६१, स्फुरद २४, पालाश १२ किलो.

सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के, म्हणजे सुमारे १५० किलो, पन्नासच्या तीन गोण्या. सोबत गंधक मिळतं ते वेगळं. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश ६० टक्के, म्हणजे २० किलो. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे १३२ किलो, पंचेचाळीसच्या जवळपास तीन गोण्या. त्यातला अर्धा युरिया आणि बाकी सगळं पेरणीला, उरलेला अर्धा एकविसाव्या दिवशी पाण्याच्या वेळी. डीएपी वापरणार असाल तर त्यातलं १८ टक्के नत्र युरियातून वजा करायला विसरू नका.

रिपोर्ट फाइलला लावा आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नमुना घेतलेल्या जागांचा हाताने काढलेला नकाशा ठेवा. पुढच्या वेळी त्याच महिन्यात, त्याच भागात, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत द्या. वेगळी प्रयोगशाळा, वेगळी पद्धत झाली की दोन वर्षांची तुलना जमत नाही. एखादा आकडा पटलाच नाही तर भांडायला जाऊ नका. चार भाग करताना टाकून द्यायच्या ढिगातली अर्धा किलो माती डब्यात बाजूला ठेवलेली असू द्या. तीच दुसऱ्या नावाने पुन्हा त्याच टेबलावर द्या. आम्हाला कळायचं नाही.